घरी येणारी केअरटेकर सेवा, रत्नागिरी : पोरीला पाच स्टार, फॉर्मला दोन

सासूबाईंना अल्झायमर्स आहे, आम्ही पावसच्या पुढे राहतो, जवळपास डे केअर वगैरे काही नाही म्हणून एका एजन्सीकडून दिवसभराची बाई घेतली. चार महिने झाले म्हणून लिहितेय. एजन्सीचं नाव टाकत नाही.

पहिल्या दिवशी सुपरवायझर बारा मुद्द्यांचा फॉर्म घेऊन आला. एनपीआय म्हणतात त्याला, म्हणजे विसरभोळेपणाच्या आजारात पेशंटचं वागणं कसं बदललंय ते टिपायचा फॉर्म, 1994 साली अमेरिकेत जेफ्री कमिंग्ज यांनी काढलेल्या प्रश्नावलीवरचा. भास, संशय, चिडचिड, झोप, सगळं त्यात, आणि उत्तरं पेशंटने नाही तर घरच्यांनी द्यायची. गोम इथेच आहे! आई रोज सकाळी राखणदाराला, म्हणजे आमच्याकडे जागा राखणारा देव मानतात त्याला, हात जोडून मोठ्याने गाऱ्हाणं घालतात, मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय, ते गेलं 'भास' मध्ये. पदराच्या गाठीत काजूच्या बिया ठेवतात ते 'विचित्र वागणं'. अहो, या हिशोबाने आमच्या वाडीतल्या निम्म्या म्हाताऱ्या पेशंट निघतील.

आणि जे लिहायला हवं होतं ते राहिलं. भटकतात का विचारल्यावर आम्हीच नाही म्हटलं, कारण गडगा ओलांडून कुठे गेल्याच तर शेजारच्या काकी हाताला धरून आणून सोडतात, आम्हाला ते भटकणं वाटलंच नाही. मुंबईला दिरांकडे पंधरा दिवस होत्या तेव्हा तेच चालत लिफ्टने खाली गेल्या नि वॉचमनचा फोन आला, तिथे केवढा गोंधळ. संशयाचं मात्र बरोबर लिहिलं, बिया मीच चोरते म्हणे. जपानमध्ये चोरीच्या या संशयाला वेगळा शब्दच आहे, मोनोतोरारे मोसो, आणि आळ बहुतेक वेळा सांभाळणाऱ्या माणसावरच येतो, म्हणजे सुनेचं नशीब तिकडेही तेच.

पोरगी मात्र हुशार. घाटावरची, कराडकडची, आधी राखणदाराचं ऐकून घाबरली होती. आंघोळीला साडीला हात लावला की आई ओरडायच्या, फॉर्ममध्ये 'आक्रमकता' लिहिलेलं. हिने काय केलं, चुलीवर पाणी तापवलं, परकर नेसवूनच बसवलं नि तांब्या त्यांच्याच हातात दिला, ओरडणं जवळजवळ बंद. विहिरीला जाळी बसवा हेही तिनेच सांगितलं, आम्हाला सुचलं नव्हतं.

खरी तक्रार वेळेची. शिफ्ट नऊ ते सहा. आणि तिन्हीसांज झाली की आईंचं सुरू होतं, "मला घरी न्या गो," म्हणजे राजापुरास माहेरी, भर जानेवारीत "आगोट आली, लाकडं भरा," म्हणजे पावसाळा तोंडावर आला म्हणून, दारात जाऊन उभ्या राहतात. पोरगी वाती वळायला बसवते तेव्हा तासभर शांत, माझ्याकडून ते जमत नाही, मी दिसले की बिया आठवतात. शिफ्ट अकरा ते आठ मागितली तर एजन्सी म्हणते शेवटच्या एसटीनंतर तिला सोडणार कोण. सध्या मी आणि मिस्टर दोघं मिळून बाइकवरून सोडून येतो, तेवढा वेळ काकी आईंजवळ बसतात.