परीस, भोपळा आणि अक्षयपात्र: चित्रं कोणत्या शैलीत काढावीत?

लोककथांमधल्या जादूच्या वस्तूंचं चित्रपुस्तक करायला बसलात की पहिला घोळ शैलीचा होतो. वारली, चित्रकथी, जलरंग की सरळ टॅबवर? माझं मत असं, की आधी त्या वस्तूची जादू नेमकी कशात आहे ते बघा.

म्हातारीचा भोपळा घ्या. तो चमकत नाही, टुणूक टुणूक पळतो. पळण्यात वारलीचा हात कोणी धरू शकत नाही: दोन त्रिकोणांची माणसं उभी असली तरी नाचतायत असं वाटतं. शिवाय वारली चित्रात घराच्या आत काय चाललंय तेही बाहेरून दिसतं, म्हणजे भोपळ्यातली म्हातारी दाखवायला फोड कापावी लागत नाही. वाघ-कोल्हा बाहेर, म्हातारी आत, सगळं एका नजरेत. अडचण रंगाची. गेरूवर तांदळाच्या पिठाचा पांढरा, बस्स. लोखंडाचं सोनं झालेलं इथे दिसायचं नाही. आणि चार त्रिकोण जोडले की वारली झाली, असं नसतं. वारलीचे नामवंत चित्रकार जिव्या सोमा मशे यांची एखादी मूळ रेघ जवळून बघा. जमलं तर ती पानं वारली चित्रकारालाच द्या, नावानिशी.

अक्षयपात्रासाठी मी डोळे मिटून चित्रकथी निवडेन. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलाकार एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारताच्या कथा सांगत आले आहेत, त्यामुळे द्रौपदी तिथे घरचीच. मोठाले डोळे, बाजूने दिसणारे चेहरे, मागे फारसं काही नाही. दुर्वास शिष्यांसह दारात, थाळी रिकामी, कडेला भाजीचं एक पान चिकटलेलं. सगळी गोष्ट त्या पानावर लटकलीय. जलरंगात ते ठिपक्याएवढं राहील. इथे यथार्थदर्शनाचा, म्हणजे वस्तू खऱ्या मापात दाखवण्याचा, हट्ट नाही, तर द्रौपदीच्या डोळ्याएवढं काढा! मात्र मजकूर कमी ठेवा, या चित्रांना सांगणारा माणूस लागतो.

परीस सगळ्यात अवघड. नामदेवांनी परिसा भागवतांचा परीस चंद्रभागेत टाकला, आणि परत मागितल्यावर ओंजळभर खडे काढून दिले. सगळेच परीस. म्हणजे तो वाळवंटातल्या कुठल्याही खड्यासारखाच दिसला पाहिजे. टॅबवर नेमका इथेच मोह होतो: एक थर वाढवायचा, उजेडाचा ब्रश फिरवायचा, की खडा दिव्यासारखा पेटतो. मी हे केलंय. पडद्यावर झळाळणारं सोनं छापून आलं तेव्हा चक्क मोहरीच्या तेलाचा डाग दिसत होता. चूक माझीच, छपाईच्या चार शाईंत पडद्याचा उजेड येत नाही.

जलरंगात खडा मातकट ठेवा आणि त्याला टेकवलेला लोखंडी विळा रंगवा: मुठीकडे काळपट, टोकाकडे पिवळा, मधे ओल्यात ओला रंग मिसळू द्या. जादू त्या मधल्या बोटभर जागेत होते. कागद जाड, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) घ्या, पातळ कागद पाण्याने पापडासारखा फुगतो. एक पान बिघडलं की पहिल्यापासून, ही जलरंगाची किंमत. प्रकाशक दर आठवड्याला बदल सांगणारा असेल, तर मुकाट टॅब उघडा. फक्त तो उजेडाचा ब्रश काढून टाका.

तिन्ही वस्तू एकाच पुस्तकात असतील तर मी जलरंग घेईन. भोपळा थोडा मंदावेल, पण चालेल.