प्राणिसंग्रहालय बांधायचा खेळ: कार्डं उत्तम, गुणपद्धत बाजूला ठेवा

झेब्रा, पांडा, कांगारू ही नावं आजकाल पाच वर्षांच्या पोरालाही येतात. पण "झेब्रा दिवसभर करतो काय?" असं विचारलं, की "गवत खातो" याच्यापुढे गाडी सरकत नाही. आमच्या घरातले दोघे, मुलगा आणि भाची, त्याच पंथातले. म्हणून हा खेळ आणला. आता दोघांच्या हातात तो चांगला मुरलाय, तेव्हा लिहायला हरकत नाही.

खोक्यात चौकटींचा घडीचा पट आहे, प्राण्यांची जाड कार्डं आहेत, आणि कुंपण, खंदक, काच, पाणी, खडक, झाडं यांचे पुठ्ठ्याचे तुकडे. शिवाय प्रेक्षक म्हणून पिवळ्या सोंगट्या. पट मुद्दाम अपुरा ठेवलाय. सगळे प्राणी त्यावर मावतच नाहीत.

खेळाची खरी करामत कार्डांमध्ये आहे. पुढे चित्र, मागे सवयी. 'हा प्राणी अमुक चौकटीत ठेवा' असं आयतं उत्तर कुठेही नाही. वाघाच्या मागे एवढंच: एकटा राहतो, पाण्यात बसायला आवडतं, आडोसा लागतो. सिंहाच्या मागे: कळप, मोकळं गवताळ रान, दिवसातला बहुतेक वेळ आराम. मुलानं दोघांना शेजारी शेजारी, सारख्याच मापाच्या जागा दिल्या. मध्ये काच. भाचीनं वाघाचं कार्ड उलटून वाचलं आणि म्हणाली, "अरे दादा, तिन्ही बाजूंनी माणसं आणि चौथ्या बाजूला सिंह. हा झोपणार कधी?" मग जी जुंपली! शेवटी वाघ पटाच्या दुसऱ्या टोकाला गेला, पाण्याचा तुकडा मिळाला, तीन बाजूंना झाडं आली आणि बघायला एकच बाजू उरली. हायनी हेडिगर या स्विस प्राणिशास्त्रज्ञानं विसाव्या शतकात हेच सांगितलं होतं: जागा किती आहे यापेक्षा ती कशी आहे, प्राण्याला माणसापासून लांब सरकता येतं का, हे आधी बघा. मुलांना हेडिगर माहीत असायची गरज नाही. कार्डानं त्यांना तिथवर आणलं.

जिराफाचंही तसंच. चारा पहिल्यांदा जमिनीवरच ठेवला गेला. कार्डावर उंची साडेपाच मीटरपर्यंत आणि जीभ सुमारे ४५ सेंटिमीटर असं वाचल्यावर मुलगा पट्टी घेऊन आला, जीभ कागदावर आखली आणि कितीतरी वेळ तिच्याकडे बघत बसला. मग चारा झाडाच्या तुकड्यावर चढला.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी, गुणपद्धत. जितके प्राणी जास्त, जितक्या पिवळ्या सोंगट्या पिंजऱ्याला खेटून, तितके गुण. म्हणजे कार्ड एक सांगतं आणि गुणवही भलतंच. ध्रुवीय अस्वलाच्या कार्डावर मोठ्ठा प्रदेश फिरतो, पोहतो, असं सगळं आहे. मुलानं पटाचा जवळजवळ अर्धा भाग त्याला देऊन पाहिला, बाकीचे प्राणी कुठे जाणार याचा हिशेब मांडला आणि अस्वल परत खोक्यात टाकलं. "नकोच आणूया ह्याला." माझ्या मते अख्ख्या खेळातला हा सगळ्यात शहाणा डाव. गुणवहीत मात्र त्याला शून्य! रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन या संशोधकांनी २००३ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात मांडलं होतं की जंगलात लांबवर फिरणाऱ्या मांसाहारी प्राण्यांचेच पिंजऱ्यात जास्त हाल होतात, आणि ध्रुवीय अस्वलाची पिंजऱ्यातली नेहमीची जागा त्याच्या जंगलातल्या किमान वावरक्षेत्राच्या दहा लाखाव्या भागाएवढी असते. खेळ बनवणाऱ्यांनी 'हा प्राणी ठेवायचा नाही' या निर्णयाला गुण ठेवायला हवे होते. आम्ही आता सोंगट्या बाजूलाच ठेवतो. एकानं बांधायचं आणि दुसऱ्यानं प्राणी होऊन तक्रारी सांगायच्या. भाची पाणमांजर झाली की ऐकवत नाही, इतक्या मागण्या.

दुसरी तक्रार पेंग्विनची. सगळे पेंग्विन बर्फाच्याच चौकटीत. हम्बोल्ट पेंग्विन पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर राहतो, गॅलापागोसचा तर विषुववृत्तापाशी. एवढी मेहनतीनं केलेली कार्डं आणि इथे नेमकी चित्रांच्या पुस्तकातली सवय घुसली. पेंग्विनवरून मी मुलांना लंडनच्या प्राणिसंग्रहालयातलं तळं दाखवलं. १९३४ चं, वास्तुरचनाकार बर्थोल्ड लुबेटकिनच्या टेक्टन संस्थेनं आखलेलं, एकमेकांत गुंफलेल्या पांढऱ्या काँक्रीटच्या उतारांचं. वास्तुकला म्हणून आजही नावाजलं जातं, पण २००४ मध्ये पेंग्विनांना तिथून हलवलं. ते कडक काँक्रीट त्यांच्या पायांना मानवत नव्हतं. फोटो बघून दोघांनाही तळं फार आवडलं, आणि मग कारण कळल्यावर पटावरच्या पेंग्विनांखाली वाळू पसरायची यावरही एकमत झालं. वाळूचा तुकडा संचात नाही. तो आम्ही कापला.

तिसरी: प्रेक्षकाला न दिसणारी बाजू खेळात अजिबात नाही. रात्रीचा निवारा, नव्या प्राण्याला काही दिवस वेगळं ठेवायची खोली, कीपर आत जाताना एक दार लागल्याशिवाय दुसरं उघडू नये अशी दुहेरी दारं, काहीच नाही. मोठ्या मुलांना यातच जास्त रस येतो, असा माझा अनुभव. जिराफाच्या निवाऱ्याचं दार किती उंच हवं, यावर आमच्याकडे भांडण अजून मिटलेलं नाही.

खंदकाची गोष्ट माहितीपत्रकात नीट आलीय: कार्ल हागेनबेक या जर्मन प्राणी-व्यापाऱ्यानं १९०७ मध्ये हॅम्बुर्गजवळ गजांऐवजी खंदक वापरून प्राणी मोकळ्यावर दाखवले, वगैरे. बाकी पत्रक वाचलं नाही तरी चालतं.

खोक्यावर वय आठ ते बारा लिहिलंय. आठ वर्षांचं मूल एकटं कार्डांशी झगडणार नाही. शेजारी मोठं माणूस लागतं, आणि त्या माणसानं उत्तरं सांगायचा मोह आवरायला हवा. पट जेवणाच्या टेबलावर मावत नाही, जमिनीवर पसरा. कुंपणाच्या खाचा लवकर सैल होतात, आतून चिकटपट्टी लावली की टिकतात. घ्या, पण गुणवही खोक्यातच राहू द्या.