कॉन्व्हेंटचं केजी की अंगणवाडी?
वसईत लेकीसाठी दोन्ही पाहिलं. कॉन्व्हेंटच्या केजीत दिवसाची सुरुवात प्रार्थनेनं, डबा उघडण्याआधी पुन्हा हात जोडायचे, मग 'थँक यू'. हे सगळं गोडच. पण साडेतीन वर्षांच्या पोरांना चार रेघांच्या वहीत एबीसीडी गिरवायला लावणं काही पटलं नाही. एक मुलगा तर पाणी मागायलाही इंग्रजी शब्द शोधत होता!

अंगणवाडी १९७५ पासूनची सरकारी योजना. फी नाही, गरम खिचडी, वजनाची नोंद, गाणी मराठीत. खोली मात्र एकच, आणि ताईंचा निम्मा वेळ नोंदी भरण्यात. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये समुद्रकाठच्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा खेळणी शंखशिंपल्यांची होती. अंगणवाडीतही निदान मातीत हात घालायला कुणी अडवत नाही. सध्या अंगणवाडी, कॉन्व्हेंट पहिलीला बघू.