सुई की तुकडा? मानेची गाठ आणि तोंडातली जखम तपासताना

मानेत गाठ आली किंवा तोंडातली जखम भरेना, की डॉक्टर दोनपैकी एक तपासणी लिहून देतात. एक एफएनएसी, म्हणजे सुईची तपासणी; दुसरी बायोप्सी, म्हणजे तुकडा. कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय असो वा राजारामपुरीतला खासगी दवाखाना, कोल्हापुरी पेशंटचा प्रश्न ठरलेला: "सुईवरच भागतंय काय बघा की." बऱ्याचदा भागतं. पण कुठे भागतं, हे गाठ कशाची आणि कुठली यावर ठरतं.

मानेच्या गाठीला आधी सुईच बरी. इंजेक्शनच्या सुईएवढीच बारीक सुई, बहुधा भूल लागत नाही, रिपोर्टही एक-दोन दिवसांत हातात पडतो. आपल्याकडे अशा गाठींमागे टीबी पुष्कळदा निघतो, आणि सुईतून आलेल्या पूवाचीच जीनएक्स्पर्ट, म्हणजे टीबीचे जंतू शोधणारी चाचणी करता येते. मोठ्या माणसाच्या मानेत कडक गाठ असेल तर घशात, जिभेच्या मुळाशी कुठे कॅन्सरचं मूळ आहे का, हे बघण्याआधी गाठ कापून काढायची घाई करू नये.

तोंडाचं गणित उलटं. मिश्री, मावा, गुटखा (राज्यात 2012 पासून बंदी, तरी पुडी मिळतेच) खाणाऱ्याच्या गालात पांढरा चट्टा किंवा दोन-तीन आठवडे न भरणारी जखम असेल, तर सुईचा उपयोग नाही. तिथे पेशी बिघडल्यात का, एवढंच बघायचं नसतं. त्या खाली किती उतरल्यात, हे बघायचं असतं, आणि थर तुकड्यातच दिसतात. जागा बधिर करून तुकडा जखमेच्या काठावरून घेतात. मधला भाग सडलेला असतो, तिथून घेतला तर रिपोर्टमध्ये नुसता कुजलेला भाग येतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

तुकड्याचा रिपोर्ट उशिरा येतो म्हणून लोक वैतागतात. तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तो टिकवणाऱ्या रसायनात मुरतो, मग मेणाच्या ठोकळ्यात बसतो, त्याचे मिलिमीटरच्या दोन-तीनशेव्या भागाएवढे पातळ काप निघतात, त्यांना गुलाबी-जांभळा रंग चढतो. तेव्हा कुठे तो भिंगाखाली जातो. एक मात्र डॉक्टरांना आधीच विचारा: टीबीची शंका असेल तर तुकड्याचा एक भाग सलाईनमध्ये वेगळा जातोय ना? फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची चाचणी होत नाही.

काही गाठी सुईला दाद देत नाहीत. थायरॉईडच्या फॉलिक्युलर नावाच्या प्रकारच्या गाठीत साधी की कॅन्सरची, हे ती आपलं आवरण फोडून बाहेर गेली का यावर ठरतं, आणि ते सुईत दिसत नाही. लिम्फोमाचा, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरचा, नेमका प्रकार ठरवायला अख्खी गाठ काढणंच चांगलं. कानाखालच्या लाळग्रंथीत मात्र सुईच. तिथून चेहऱ्याची नस जाते, उगाच चिरायची जागा नव्हे ती.

"सुई टोचली की कॅन्सर पसरतो" हे पारावरचं ज्ञान. मानेच्या गाठीत बारीक सुईनं तसं होणं अगदी विरळ. त्या भीतीनं घालवलेले महिने जास्त महागात पडतात.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर दोन्हीआधी सांगा. आणि पुण्या-मुंबईला दाखवायला निघाला असाल तर नुसता कागद नेऊ नका. लॅबमधून स्लाइड आणि मेणाचा ठोकळाही मागून घ्या.