नव्या कापडाखाली काय दडलं होतं: जुनं बायप्लेन घेताना झालेली फसवणूक

जाहिरातीत तीनच गोष्टी होत्या: कापड नुकतंच बदललेलं, इंजिन ओव्हरहॉलनंतर (पूर्ण उघडून केलेल्या दुरुस्तीनंतर) फक्त 160 तास चाललेलं, विमान कायम हँगरमध्ये. तिन्ही खऱ्या निघाल्या. फसवणूक झाली ती त्यांनी जे झाकलं त्यामुळे.

विमान घरी बांधलेलं, दोन आसनांचं, उघड्या कॉकपिटचं स्कायबोल्ट; बायप्लेन, म्हणजे एकावर एक पंख असलेलं. 4130 जातीच्या पोलादी नळ्यांचा सांगाडा, पंखात स्प्रूस लाकडाचे स्पार (पंखाचा भार पेलणाऱ्या लांब तुळया), वरून पॉलिएस्टर कापड. अशा विमानात महत्त्वाचं जे काही मोडतं ते कापडाच्या आतच मोडतं. त्यामुळे विक्रीच्या तोंडावर कापड बदललेलं असेल तर खूश होण्याआधी कारण विचारावं, आणि कापड चढवण्यापूर्वीचे उघड्या सांगाड्याचे फोटो मागावेत. स्वतः विमान बांधणारा माणूस असे शेकड्यांनी फोटो काढतो. इथे एकही नव्हता.

पहिल्या वार्षिक तपासणीत डाव्या खालच्या पंखाच्या पुढच्या स्पारवर, मजबुतीसाठी चिकटवलेल्या प्लायवुडच्या बाहेरच्या टोकाशी, लाकडाच्या रेषांना आडवी अशी केसाएवढी नागमोडी रेघ सापडली. ही दाबाची चीर. स्पार अखंड दिसतो, पण तिथले तंतू चिरडलेले असतात आणि भार आला की तो तिथेच तुटतो. टेलव्हीलचं (तिसरं चाक शेपटाखाली असलेलं) विमान उतरताना गर्रकन फिरलं, खालच्या पंखाचं टोक जमिनीला लागलं की अशी चीर पडते. विक्रेत्याने वरून ताजं व्हार्निश मारलं होतं. समोरून टॉर्च मारली तर काही दिसत नाही; प्रकाश स्पारला जवळजवळ समांतर, तिरका टाकावा लागतो.

आत बघायला जागाच नाही, असं विक्रेता म्हणेल. ते खरं नाही. कापडावर प्लॅस्टिकची तपासणी-रिंग चिकटवायची, आतलं कापड कापायचं, आरसा किंवा बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून पाहायचं आणि झाकण बसवायचं. काम किरकोळ आहे. एवढ्यालाही नकार मिळाला तर तिथेच थांबावं.

कापड न कापताही एक गोष्ट कळली असती. शेपटाच्या खांबापासून दोन्ही खालच्या पंखांच्या टोकाजवळच्या सारख्याच बिंदूंपर्यंत टेप लावून मापं घ्यायची. दोन्हींत ठळक फरक असेल तर विमान वाकडं आहे. एलरॉनवर (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या झडपेवर) वाकवून बसवलेली छोटी पट्टी तेच सांगत होती: एक पंख सतत खाली झुकत होता.

सांगाड्याचं पाणी शेपटाकडे उतरतं, म्हणून खालच्या लाँजरॉनची (सांगाड्यातल्या लांब उभ्या नळ्यांची) मागची टोकं आतून गंजतात. अणकुचीदार टोच्या जोर देऊन दाबावा. चांगल्या नळीत तो जात नाही, इथे आरपार गेला. पंखांच्या मागच्या कडेला पाणी जायची भोकंही नव्या कापडात ठेवली नव्हती. हा निव्वळ आळस, पण त्यातून कामाची जात कळते.

इंजिन लायकॉमिंग ओ-360. कारखान्याने ओव्हरहॉलसाठी 2000 तास दिले आहेत, पण 12 वर्षांची मर्यादाही सांगितली आहे, आणि ती कोणी बोलून दाखवत नाही. इथले 160 तास 19 वर्षांत झालेले. या इंजिनात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या (प्रोपेलर फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या) वर असतो. विमान उभं राहिलं की तेल निथळतं, कॅम कोरडा पडतो आणि गंजतो. कॉम्प्रेशन चाचणी (सिलिंडर दाब किती धरतो ते पाहणारी) उत्तम आली, कारण ती सिलिंडर आणि व्हॉल्व्हबद्दल बोलते, कॅमबद्दल नाही. त्यासाठी तेलाचा फिल्टर कापून घड्या उलगडायच्या, चुंबकाला पोलादाचा कीस लागतो का पाहायचं आणि रॉकर कव्हर काढून प्रत्येक व्हॉल्व्ह किती उचलला जातो ते डायल गेजने मोजायचं. एखादा कमी उचलला जात असेल तर कॅम झिजलाय. ओव्हरहॉलची लॉगबुकातली एक ओळ पुरेशी नाही, सुट्या भागांची बिलं आणि क्रँकशाफ्टच्या तपासणीचा कागद हवा. लाकडी प्रोपेलर नवा दिसला तर जुना कुठे गेला, जमिनीला आपटून तुटला का, हेही विचारावं.

वजनाचा कागद पहिल्या उड्डाणाच्या वेळचा होता. नव्या कापडानंतर, रंगाच्या थरांनंतर विमान पुन्हा तोललंच नव्हतं. तीन काटे, विमान उड्डाणाच्या पातळीत, टाकी रिकामी: अर्ध्या दिवसाचं काम.

करारात 'आहे त्या स्थितीत' असं लिहिलं होतं, त्यामुळे परतफेडीची मागणी पुढे सरकली नाही. त्या ओळीवर सही करण्याआधी आणखी एक ओळ घालून घ्यावी: 'विमानाला झालेला कोणताही अपघात किंवा दुरुस्ती विक्रेत्याने लपवलेली नाही.' तिच्याखाली सही करताना विक्रेता किती वेळ घेतो, ते बघावं.