पवनचक्क्यांविरुद्ध लढताना आम्हाला गंडवलं ते आमच्याच बाजूच्या ‘तज्ज्ञा’ने

गावालगतच्या पठारावर मोठा पवनचक्की प्रकल्प येणार अशी कुणकुण लागली, तेव्हापासून सगळ्यांचा संशय एकट्या कंपनीवर होता. कराराची बारीक अक्षरं, एजंटांच्या फेऱ्या, जमिनीची मोजणी, सगळीकडे आमचा डोळा. फसवलं मात्र आमच्या मांडवात येऊन बसलेल्या माणसाने. आवाजाविषयी त्याने आम्हाला दिलेला अहवाल घेऊन तो आता दुसरीकडे फिरतोय असं कळलं, म्हणून हे लिहितोय.

स्वतःला तो ‘ध्वनी व आरोग्य सल्लागार’ म्हणवायचा. असे बरेच प्रकल्प आपण बंद पाडलेत म्हणे. कुठले, ते विचारलं की ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ हे उत्तर ठरलेलं. पहिल्याच सभेत त्याने भलामोठा स्पीकर लावून पवनचक्कीचा आवाज ऐकवला. घुम्म, घुम्म. हळूहळू आवाज वाढवत नेला. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले. ‘हे तुम्हाला रात्रभर ऐकायचंय,’ एवढंच बोलून तो खाली बसला. त्यानंतर वर्गणी मागावी लागलीच नाही, लोक आपणहून देत गेले. तो आवाज किती अंतरावरून रेकॉर्ड केला आणि स्पीकरवर किती पट मोठा करून ऐकवला, हे कुणी विचारलं नाही. तशी सोयच त्याने ठेवली नव्हती.

त्याच्या अहवालातली खरी चलाखी आकड्यांत होती. ‘एका यंत्राचा आवाज १०५ डेसिबल’ असं पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत. आकडा खोटा नाही. मोठ्या पवनचक्कीची ध्वनिशक्ती साधारण तेवढी असतेच. पण ती उगमापाशी मोजायची गोष्ट. अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. साधा हिशेब केला तर अर्ध्या किलोमीटरवर तो ४० डेसिबलच्या आसपास येतो. अहवालात मात्र १०५ चा आकडा थेट आमच्या खिडकीत आणून ठेवलेला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली युरोपसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत पवनचक्क्यांसाठी दिवस-संध्याकाळ-रात्र मिळून सरासरी ४५ डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. ती याने ‘रात्रीची कायदेशीर मर्यादा’ म्हणून छापली. ती कायदा नाही, सशर्त शिफारस आहे आणि निव्वळ रात्रीसाठी त्या सूचनांत शिफारसच केलेली नाही.

पुढे इन्फ्रासाउंड, म्हणजे कानाला न ऐकू येणारा खोल आवाज. तो त्याने दुसरीकडच्या एका चालू पवनचक्कीखाली उभं राहून मोबाइलच्या ॲपवर मोजला होता. फोटोत हातातला फोन स्पष्ट दिसतो. माइकवर वाऱ्यापासून बचावाचं फोमचं आवरणसुद्धा नाही. फोनचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो, आणि उघड्या माइकवर वारा आदळला की वाऱ्याचाच आवाज नोंदला जातो. त्या आकड्यांवरून हृदयविकारापासून गर्भपातापर्यंतची यादी दिलेली. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली पुरावे तपासून सांगितलं होतं, की पवनचक्क्यांमुळे आरोग्य बिघडतं याचा सुसंगत पुरावा नाही. फिनलंडमध्ये सरकारने करवून घेतलेल्या, २०२० साली आलेल्या अभ्यासातही इन्फ्रासाउंडचा दोष आढळला नाही. यातलं एक अक्षर त्याने आम्हाला सांगितलं नाही.

सुनावणीत कंपनीच्या ध्वनी अभियंत्याने तो अहवाल हातात घेतला आणि चौदावं पान उघडलं. तिथे एका नदीचं नाव होतं. आमच्याकडे त्या नावाची नदीच नाही. सभागृहात हशा पिकला. मग १०५ चा आकडा, मग फोनचा फोटो. त्याचे पैसे वसूल, आमची अब्रू चव्हाट्यावर.

पैसे गेले ते गेले, पण माझा खरा राग पुढच्या गोष्टीवर आहे. आमच्या खऱ्या हरकती त्याच फायलीत मागे जोडल्या होत्या. त्या कुणी वाचल्याच नाहीत. एकेका यंत्राच्या पायात शेकडो घनमीटर काँक्रीट जातं. पठारावरून उतरणाऱ्या ओहोळांचं काय होणार? साठ-सत्तर मीटरची पाती वळवायला रस्ते रुंद होतात, मग कडेचे बांध आणि झाडं? यंत्राचं आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचं. त्यानंतर ते उतरवायचं कुणी, त्याची रक्कम आधी अनामत ठेवणार का? फायबरची पाती सहजासहजी पुनर्वापरात येत नाहीत, ती टाकणार कुठे? आणि आवाजाचाच मुद्दा घ्या. आमच्याकडे रात्र इतकी शांत, की ४० डेसिबलची ठोक्यांची घरघरही झोपमोड करू शकते. पण ते मांडायला आधी इथल्या रात्रीचा आवाज मोजून ठेवायला हवा होता. तेवढं एक काम या सल्लागाराने केलं नाही. रात्री मुक्कामालाच तो कधी थांबला नाही.

‘स्थगिती आणतो’ म्हणून घेतलेल्या वर्गणीचा हिशेब मागितला, तर कोऱ्या कागदावरच्या पावत्या दाखवल्या. पावतीवरच्या समितीची नोंदणी कुठेच झालेली नव्हती. मूळ रेकॉर्डिंगची फाइल मागितल्यावर फोन घेणं बंद.

तुमच्याकडे असा कुणी आला तर बंद पाडलेल्या एका तरी प्रकल्पाच्या आदेशाची प्रत मागा. ध्वनिमापकाचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र, म्हणजे ते अचूक मोजतं याचा तपासणी-दाखला, मागा. अहवालावर सही कुणाची, पदवी कसली, सुनावणीत स्वतः उभा राहून उलटतपासणी देणार का, हे लेखी घ्या. तो टाळाटाळ करू लागला तर वर्गणी खिशातच ठेवा आणि हरकतींची मुदत संपायच्या आत स्वतःच्या हरकती वेगळ्या अर्जावर द्या, त्याच्या अहवालाला न जोडता. पोचपावतीवर तारखेचा शिक्का घ्यायला विसरू नका. प्रकल्पाचा दुसरा टप्पा जाहीर झाला तेव्हा आम्ही तसंच केलं: विहिरींच्या पातळीच्या नोंदी, ओहोळांचा हाताने काढलेला नकाशा आणि भाड्याने आणलेल्या ध्वनिमापकावर घेतलेली रात्रीची मोजमापं. या वेळी अधिकाऱ्यांनी कागद उलटून पाहिले, आणि ओहोळांवर कंपनीकडून लेखी खुलासा मागवला आहे.