पर्सी जॅक्सनचा पाच पुस्तकांचा सेट, सहावीतल्या पोरासाठी घेतला आणि मीच आधी संपवला

आमचं पोरगं सहावीत आहे, इंग्लिश मीडियम. त्याला डिस्लेक्सिया आहे हे दोन वर्षांपूर्वी कळलं, बी आणि डी मध्ये गोंधळ होतो, ओळी एकमेकीत घुसतात म्हणतो. वर्गात उभं करून मोठ्यानं वाचायला लावलं की त्या दिवशी घरी येऊन डबा तसाच परत. म्हणून पुस्तक घ्यायचं म्हटलं की मलाच धास्ती वाटायची. एप्रिलमध्ये नवी पेठेत गेले होते, तिथल्या पुस्तकवाल्या काकांना सगळं सांगितलं तर ते म्हणाले, "ताई, हा सेट न्या, ह्यातल्या हिरोलाच वाचता येत नाही."

आणि खरंच तसं आहे! पर्सी 12 वर्षांचा, सहा वर्षांत सहा शाळा झाल्या, अक्षरं पानावर पोहतात, एका जागी बसवत नाही. मग कळतं की तो समुद्रदेव पोसायडनचा मुलगा आहे. अक्षरं का पोहतात तर त्याचा मेंदू प्राचीन ग्रीक वाचायला बनलाय, आणि स्वस्थ बसवत नाही ते लढाईत जीव वाचवण्यासाठी. मे महिन्याच्या दुपारी, बाहेर 42 डिग्री, हा फरशीवर पालथा पडून ओळीखाली स्टीलची पट्टी धरून वाचत होता, त्या पानावर पट्टी थांबली आणि मला हाक मारली, "आई, हे बघ ना, हे माझ्यासारखं आहे." मी कणीक मळत होते, तशीच हात न धुता गेले. लेखक रिक रायर्डन स्वतः शाळेत शिक्षक होते आणि त्यांच्या मुलाला हेच त्रास होते, रात्री झोपताना त्याला ग्रीक कथा सांगायचे, त्या संपल्या तेव्हा पर्सीची गोष्ट सुरू झाली. 2005 ला पहिलं पुस्तक आलं, 2009 ला पाचवं.

मला सगळ्यात आवडलं ते जुन्या कथा त्यांनी कशा वळवल्यात ते. ग्रीक देवांचं घर ऑलिंपस आता न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या 600 व्या मजल्यावर, पाहुण्याला अंथरुणाच्या मापाचा करायला ताणणारा नाहीतर कापणारा प्रोक्रस्टीस इथं वॉटरबेडचं दुकान चालवतो, जिच्याकडे बघणारा दगड होतो ती मेड्युसा हायवेकडेला बागेतले दगडी पुतळे विकते, ते पुतळे म्हणजे कोण हे वाचणाऱ्याला पर्सीच्या आधी कळतं आणि काटा येतो. जुन्या कथेतला वीर पर्सियस ढालीतल्या प्रतिबिंबात बघून तिचं डोकं उडवतो, इथं काचेच्या गोळ्यात बघून.

पुढचं मात्र पहिल्या भागाचा शेवट फोडतंय, न वाचलेल्यांनी हा पॅरा सोडा. जुन्या कथेत पर्सियसच्या आईच्या, डॅनेच्या, मागे राजा पॉलिडेक्टीस लागलेला असतो, मुलगा मेड्युसाचं डोकं घेऊन येतो आणि त्या राजाला दगड करून आईला सोडवतो. इथं राजाच्या जागी पर्सीचा सावत्र बाप आहे, बायकोवर हात उचलणारा. पर्सीच्या हातात तेच डोकं आहे, पण तो स्वतः काही करत नाही, डोकं आईकडे ठेवून निघून जातो, काय करायचं ते ती ठरवते. हजारो वर्षांच्या कथेत आई फक्त सुटकेची वाट बघत होती हो, ह्या लेखकानं निर्णय तिच्या हातात दिला. मी ते पान दोनदा वाचलं.

देवाचा मुलगा म्हणजे काय हे आपल्या पोरांना समजवायला लागत नाही, हा एक मोठा फायदा. भीम वायूचा, अर्जुन इंद्राचा, कर्ण सूर्याचा, हे त्यांनी आज्जीकडून ऐकलेलं असतं. ह्यात ल्यूक म्हणून एक पोरगा आहे, हर्मीस देवाचा मुलगा, बापानं दुर्लक्ष केलं म्हणून धुमसत असलेला, तर आमच्याकडं लगेच "हा कर्ण आहे" असं ठरलं. शेजारी पद्मशाली कुटुंब आहे, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथाला आम्ही दरवर्षी त्यांच्याबरोबर जातो, तर हा मला विचारतो की सोळाच वर्षं आयुष्य मिळालेला मार्कंडेय आमच्या शाळेत असता तर यम कोणाच्या रूपात आला असता? मी म्हटलं तूच लिही, तर मागं लागून लिहून घेतलं माझ्याकडून, दीड पान, तो बोलला आणि मी लिहिलं.

आता खटकलेलं. अक्षर बारीक आहे, अशा मुलांसाठी तर फारच, मोठ्या टायपात आणि मोकळ्या ओळींत काढायला पाहिजे होतं. बाइंडिंग नुसतं चिकटवलेलं, तिसऱ्या भागाची पानं आठवड्यात सुटली. चौथा भाग मध्येच रेंगाळतो, नावं इतकी येतात की मी एका वहीत कोण कुणाचा मुलगा असं लिहून ठेवलं, ती वही आता सेटबरोबरच ठेवलीय. अमेरिकन शाळांतले काही विनोद पोराला कळत नाहीत, सोडून देतो. आणि देवांना इतक्या जणींपासून मुलं कशी हा प्रश्न येणारच, उत्तर तयार ठेवा.

2010 चा पिक्चर आधी दाखवू नका, त्यात पर्सीला थोराड केलंय, बारा वर्षांच्या पोराला जे आपलं वाटतं तेच जातं.

साडेचार स्टार, अर्धा कापला तो बाइंडिंगसाठी. दहा वर्षांच्या पुढच्या कुणालाही द्या, आधी पहिलाच भाग घेऊन बघितला तरी चालेल. आमच्याकडं दुसरा चालू आहे, रोज चार पानं, पट्टी धरूनच. पूर्ण सेट घेणार असाल तर दुकानातच तिसरा भाग मधोमध उघडून बघा आणि मगच पैसे द्या.